मित्रमंडळींसोबत कंदील करायचाय? खळ आदल्या रात्रीच शिजवा

दिवाळीआधीचा एखादा रविवार कंदिलासाठी मोकळा ठेवा. पुण्यात असाल तर सकाळी सगळ्यांनी मिळून सामान घ्यायला रविवार पेठेतली बोहरी आळी गाठा. मुंबईकरांनी माहीमच्या कंदील गल्लीत तयार कंदील उलटसुलट करून सांधे कसे बांधलेत ते बघून घ्यावं. (विकत घ्यायचा मोह आवरा!)

खरी मेख चिकटवण्यात आहे. बाजारच्या पातळ गोंदाने पतंगी कागद भिजतो, सुकताना सुरकुततो. त्यापेक्षा मैद्याची खळ बरी: दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर पारदर्शक होईस्तोवर ढवळा. लावायची ती सांगाड्याच्या बांबूच्या कामटीला, कागदाला नाही. आणि बोटाने अगदी पातळ. कागद फार ताणू नका, टराटरा फाटतो.

गाण्यांची तासा-दीड तासाची यादी आधीच लावून ठेवा, नाहीतर खळीचे हात मोबाइलला लागलेच म्हणून समजा. झिरमिळ्या कापायचं काम गप्पिष्टांकडे द्या. आत दिवा एलईडीचाच लावा, जुना पिवळा बल्ब तापतो.