पेपरमिंटचं तेल बाळाच्या नाकापासून लांबच ठेवा

सर्दी झाली की घरात कुणीतरी पेपरमिंटच्या तेलाची बाटली काढतंच. मोठ्यांना त्याने मोकळं वाटतं, पण तान्ह्या बाळाच्या नाकाला, छातीला किंवा उशीला ते अजिबात लावू नका. त्यातल्या मेंथॉलमुळे लहानग्यांचा घसा एकदम आवळला जाऊन श्वास अडू शकतो. दोन-तीन वर्षांपर्यंतच्या मुलांजवळ ते न वापरणंच बरं. कापराचंही तसंच, आणि हे आजीलाही प्रेमाने समजावून सांगा.

मोठ्यांनीसुद्धा ते थेट अंगावर चोळू नये. दोन चमचे खोबरेल तेलात दोन ते चार थेंब पुरतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट पाहा. डोळ्यांजवळ नको. त्वचेची आग झालीच तर आधी साधं खोबरेल लावून पुसून काढा आणि मग साबणाने धुवा, कारण हे तेल नुसत्या पाण्याने निघत नाही.

घरात मांजर असेल तर या तेलाचा डिफ्यूझर (वास हवेत पसरवणारं यंत्र) लावू नका. तिच्या यकृताला हे घटक नीट पचवता येत नाहीत.

बाटली कुलपात ठेवा. मुलाने तेल प्यायलं तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.