मूल नेमकं कुठे आहे? हवामान बदलाच्या कामात या चुका टाळा

जानेवारीतली सकाळ. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात आम्ही दुष्काळ आणि मुलांचं आरोग्य यावर पाहणी करत होतो. पैसा परदेशी संस्थेचा, प्रश्नावली दिल्लीत तयार झालेली, उत्तरं टॅबलेटवर भरायची. यादीतल्या चौथ्या घराला कुलूप. पाचव्यालाही. सूचनेत लिहिलं होतं, घर बंद असेल तर शेजारचं घ्या. आम्ही शेजारचं घेतलं. दिवसभरात अशी कितीतरी घरं बदलली. संध्याकाळी ओट्यावर शेंगा फोडत बसलेली एक आजी म्हणाली, "तुम्ही ज्यांना हुडकताय ती लेकरं फडावर हायेत बाई. पाडव्याला या."

आमचा अहवाल नेटका झाला. शाळेतली हजेरी चांगली, लसीकरण चांगलं, दुष्काळाचा परिणाम 'मध्यम'. ज्यांच्यावर दुष्काळाचा सगळ्यात मोठा घाव बसला होता ती मुलं आम्ही मोजलीच नव्हती. ती आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली होती. पुढच्या वर्षांत फसलेले जे प्रकल्प जवळून पाहिले, त्यातल्या बहुतेकांचं मूळ मला याच जागी सापडलं. धोका गावाला आहे, कुटुंबाला आहे असं आपण लिहितो. धोक्याच्या घटकेला मूल कुठे होतं आणि कुणापाशी होतं, हे विचारायचं राहून जातं.

युनिसेफने २०२१ मध्ये काढलेल्या, मुलांना असलेल्या हवामान-धोक्याच्या निर्देशांकानुसार जगातली सुमारे १०० कोटी मुलं अत्यंत जास्त धोक्याच्या ३३ देशांत राहतात. भारत त्यांपैकी एक. या कामात नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितेय.

बंद घराच्या जागी उघडं घर घेणं

ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी. पाऊस दगा देऊन गेला की उचल घेणारी घरं वाढतात, कारण हाताला दुसरा आधार नसतो. म्हणजे दुष्काळ जितका कडक, तितकी त्रासातली मुलं गावातून गायब, आणि तितके तुमच्या तक्त्यातले आकडे चांगले.

चूक झाली आहे हे ओळखायचं कसं? दुष्काळी वर्षात हजेरी किंवा वजन सुधारलेलं दिसलं की थांबा. किती घरं बदलली ते मोजा. त्यानंतर पाहणी दोनदा करा, एकदा सप्टेंबरमध्ये सगळे गावात असताना आणि एकदा पाडव्यानंतर. बंद घर बदलू नका, 'स्थलांतरित' अशी नोंद करा. शेजाऱ्याला विचारा: मुलं किती, वयं काय, कोणता कारखाना, मुकादम कोण. आणि निदान काही घरांच्या मागे फडापर्यंत जा. तिथे पहाटेच्या अंधारात आई उसात शिरलेली असते, तान्हं बाळ गाडीखाली बांधलेल्या झोळीत असतं, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला सात वर्षांची बहीण. त्या बहिणीचं नाव कुठल्याच शाळेच्या आजच्या हजेरीत नसतं. प्रकल्पाच्या कागदात ती 'लाभार्थी बालक' असते. प्रत्यक्षात ती पाळणाघर चालवत असते.

'महिला, मुले, ज्येष्ठ नागरिक' एका ओळीत

हा शब्दसमूह प्रत्येक प्रस्तावात असतो आणि तिथेच मुलांचा विषय संपतो. सहा महिन्यांचं बाळ आणि पंधरा वर्षांची मुलगी यांना हवामानाचा त्रास एकाच वाटेने होत नाही. तान्ह्या बाळाच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं आणि तहान लागली हे त्याला सांगता येत नाही. दोन-तीन वर्षांचं मूल पाण्याकडे धावतं. दहा वर्षांचा मुलगा गुरांमागे उन्हात असतो. पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरतं.

वयाप्रमाणे विचार केला की काय हाती लागतं, याचं मला सगळ्यात शिकवणारं उदाहरण बांगलादेशात दिसतं. १९७० च्या भोला चक्रीवादळात तिथे ३ लाखांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर किनाऱ्यावर स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, निवारे बांधले गेले, त्यातले कितीतरी एरवी शाळा म्हणून वापरात असतात. २००७ च्या सिद्र वादळात मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. एवढं मोठं काम झालं. पण वादळ नसलेल्या साध्या दिवशी घरामागच्या पुकुरात, म्हणजे तळ्यात, लहान मुलं बुडतच होती. तिथल्या अभ्यासकांनी मृत्यूची वेळ पाहिली. बहुतेक मुलं एक ते चार वर्षांची, वेळ सकाळी ९ ते दुपारी १ च्या दरम्यान. त्या वेळी आई चुलीपाशी, शेतात, पाण्याला. मग त्याच वेळेत गावातल्याच एका बाईच्या घरी 'आंचल' नावाची पाळणाघरं उघडली गेली आणि तिथे येणाऱ्या मुलांचं बुडणं फार मोठ्या प्रमाणात थांबलं. जागतिक आरोग्य संघटना आज लहान मुलांसाठी असा दिवसाचा सांभाळ सुचवते. ना भिंत बांधली, ना यंत्र आणलं. मूल कोणत्या तासाला कुणाच्या नजरेआड असतं, एवढंच शोधलं.

आपल्याकडे हा तास वेगळा असेल. तो तुम्हाला त्या गावात बसूनच कळेल.

टँकर आला, नोंद झाली, काम संपलं

उन्हाळ्यात एका गावी आम्ही पाचवी-सहावीच्या मुलांकडून गावाचा नकाशा काढून घेतला. जिथे भीती वाटते तिथे लाल खडू. मला वाटलं नाला लाल होईल, रस्ता लाल होईल. जवळजवळ प्रत्येकाने विहीर लाल केली. का, तर टँकर विहिरीत रिकामा व्हायचा. पाणी पडायला लागलं की सगळं गाव दोर-घागरी घेऊन धावायचं आणि मोठ्यांच्या गर्दीत मुलं काठावर ओणवी व्हायची. एका मुलाने नकाशात विहिरीच्या कडेला फक्त पाय काढले होते. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "मॅडम, वरचं अंग आत वाकलंय."

आमच्या मासिक अहवालात त्या गावापुढे 'पाणीपुरवठा सुरळीत' असं लिहिलेलं होतं. दोन आठवड्यांत तिथे तोट्या असलेली टाकी बसवून घेतली, टँकर त्यात रिकामा होऊ लागला. खर्च किरकोळ. पण तो नकाशा नसता तर ती गोष्ट आम्हाला दिसली नसती.

मुलांचं म्हणणं ऐकायचं ते यासाठी. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२३ मध्ये पर्यावरण आणि हवामान बदलावर २६ वं सर्वसाधारण भाष्य काढलं, म्हणजे बालहक्क करार या विषयाला कसा लागू होतो ते सांगितलं. त्यासाठी १२१ देशांतल्या १६ हजारांहून जास्त मुलांकडून मतं आली होती. याउलट आपण मुलांना टोप्या घालून प्रभातफेरी काढायला लावतो, रोपं लावायला लावतो, पाहुण्यांपुढे भाषण पाठ करून म्हणायला लावतो. तहानलेल्या मुलाचा फोटो मुखपृष्ठावर छापतो आणि त्याच्या आईला विचारलेलंही नसतं. फोटो हवाच असेल तर आईला आणि मुलाला दोघांनाही विचारा, आणि मूल 'नको' म्हणालं तर तिथेच थांबा.

आपत्ती म्हणजे फक्त तो दिवस, असं धरणं

पाकिस्तानात २०२२ चा महापूर आला तेव्हा ३ कोटी ३० लाख लोकांना फटका बसला. कॅमेरे परतल्यावरही सिंधमध्ये पाणी महिनोन्‌महिने साचून होतं, मलेरिया पसरला, मुलांचं वजन घटत गेलं. ज्या शाळा पुरात टिकल्या त्यातल्या अनेकांत बेघर कुटुंबं राहत होती, म्हणून वर्ग बंद. निवारा म्हणून शाळा वापरायची असेल तर ती किती दिवसांत मोकळी करायची आणि तोवर वर्ग कुठे भरवायचे, हे पावसाळ्याआधी लिहून ठेवा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा दप्तरं, वह्या, पुस्तकं भिजून लगदा झाली. मदतीच्या पिशवीत तांदूळ, डाळ, चादर हवीच, पण पाटी-दप्तरही पहिल्याच खेपेला हवं. त्याविना घरी बसलेलं मूल परत बाकावर आणणं फार जड जातं.

दुष्काळात तर घाव आणखी उशिरा उमटतो, आणि तो मुलीवर उमटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत २०-२४ वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के निघालं, बीडमध्ये ४० टक्क्यांच्या वर. कारणं घरात बसून ऐकली की समजतात. आईबाप सहा महिने बाहेर, मागे म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर मोठी होणारी पोर, फडावर नेली तर कोपीला, म्हणजे तिथल्या झोपडीला, दार नाही. बाप म्हणतो, "तिची काळजी एकदाची मिटू द्या." शेततळं खोदून दिल्याने ही काळजी आपोआप मिटत नाही, हे समजायला मला फार वेळ लागला.

लक्षण असं: दिवाळीच्या सुटीनंतर सातवी-आठवीच्या वर्गात मुलींच्या जागा रिकाम्या. तोवर उशीर झालेला असतो. सुटीच्या आधीच मुख्याध्यापकांबरोबर बसून नावानिशी यादी करा: कुणाचे आईबाप जाणार, मुलगी कुणाजवळ राहणार. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आणि धान्य दसऱ्याआधी जागेवर हवं. नोव्हेंबरात मंजुरी आली तर गाड्या निघून गेलेल्या असतात. ग्रामसेवक हा गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, अंगणवाडी ताई त्याच्या मदतीला. दोघांनाही ही यादी द्या आणि मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन क्रमांक मुलींना पाठ असू द्या.

ऊन वाढलं, सुटी द्या

२०२४ मध्ये ८५ देशांतल्या सुमारे २४ कोटी विद्यार्थ्यांचं शिक्षण हवामानामुळे खंडित झालं, असं युनिसेफ सांगतं. भारतात मुख्य कारण एप्रिलमधला उष्मा. अशा वेळी शाळा बंद करणं हा सोपा निर्णय वाटतो. पण मूल घरी जातं ते पत्र्याच्या खोलीत, आणि दुपारची खिचडीही बुडते. एका अंगणवाडीत दुपारी शिरले तर मुलं ताईने पुसून घेतलेल्या फरशीवर गाल टेकवून पडली होती. शेजारीच कडुनिंब होता, पण नोंदवहीप्रमाणे मुलं खोलीत असायला हवीत म्हणून ताई त्यांना बाहेर नेत नव्हती. निंबाखाली बसायची लेखी परवानगी मिळवून देणं हे त्या महिन्यातलं आमचं सगळ्यात उपयोगी काम ठरलं.

पत्र्याला वरून चुना मारा, समोरासमोर झरोके काढा, दर तासाला पाण्याची घंटा करा. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्माघाताविरुद्ध कृती आराखडा केला. पुढे छतं पांढरी करण्याचं काम त्यात जोडलं गेलं. आपल्या जिल्ह्याचा आराखडा मागवा आणि त्यात अंगणवाडीचं नाव कुठे येतं ते बघा. ओआरएसचं पाकीट संपलं तर एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे प्रत्येक ताईला आणि आजीला करता आलं पाहिजे. आणखी एक: दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुटीतही शाळेतलं जेवण द्यावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे. अनेक गावांना तो माहीतच नसतो. दुष्काळ जाहीर झाल्याबरोबर मुख्याध्यापकांना विचारा.

नवी समिती

करू नका. ग्राम बाल संरक्षण समिती आहे, शाळा व्यवस्थापन समिती आहे. सगळीकडे त्याच सहा-सात बायका बसतात. आहे त्या बैठकीत मुलांचा अर्धा तास मागून घ्या.

पैसा मोसम संपल्यावर येणं

प्लॅन इंटरनॅशनल, सेव्ह द चिल्ड्रन आणि युनिसेफ यांनी २०२३ मध्ये मांडलं की अनेक देशांनी मिळून उभारलेल्या मोठ्या हवामान निधींतला जेमतेम २.४ टक्के पैसा मुलांचा विचार करणाऱ्या कामांना जातो. तुमच्या प्रस्तावात बंधारा, सौरपंप, प्रशिक्षण यांना स्वतंत्र ओळी असतील. तशी एक ओळ पाळणाघर सांभाळणाऱ्या बाईच्या मानधनासाठी लिहा, ऑक्टोबर ते मार्च असे महिने घालून. पहिला हप्ता सप्टेंबरात हवा हे करारातच येऊ द्या. निधी देणाऱ्यांना गळिताचा हंगाम माहीत नसतो. नीट समजावून सांगितलं की बरेच जण ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

त्या आजीच्या सांगण्याप्रमाणे पाडव्यानंतर आम्ही पुन्हा गेलो. कुलपं निघाली होती. एका घरातल्या चौथीच्या मुलाने ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं शिक्षण हमी पत्रक काढून दाखवलं. गावच्या गुरुजींनी निघताना दिलेलं, त्याला काय काय येतं ते लिहिलेलं. कारखाना कर्नाटकात होता, जवळची शाळा कन्नड. पाच महिन्यांत ते पत्रक कुणी मागितलंच नव्हतं. पुढच्या दसऱ्याआधी आम्ही कोणती टोळी कोणत्या कारखान्याला जाणार याची यादी मुकादमांकडून घेतली, पत्रक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापलं आणि तिकडच्या शिक्षकांना आधी फोन केले. त्या वर्षी त्या मुलाच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला कन्नडमध्ये सही होती.