पीएस५ प्रो घेण्याआधी घरच्या घरी चाचणी

पीएस५ प्रो, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलची जास्त ताकदवान आवृत्ती, घ्यावा की आहे त्यावरच भागवावं, हे साध्या पीएस५ वरच कळतं.

नेहमीचा गेम लावा. गेमच्या सेटिंग्जमध्ये आधी ‘क्वालिटी’ मोड (चित्र जास्त रेखीव), मग ‘परफॉर्मन्स’ (हालचाल जास्त सफाईदार). बसायचं नेहमीच्याच जागी. टीव्हीला नाक लावलं तर फरक दिसणारच! कॅमेरा गर्रकन फिरवा, लांबची झाडं, विजेच्या तारा, जाळीचं कुंपण बघा. परफॉर्मन्समध्ये ते धूसर, लुकलुकतं दिसून खटकलं तरच प्रोचा विचार करा. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) राखून चित्र स्वच्छ करणं, हेच त्याचं मुख्य काम. तक्रार फक्त गेम साठवायच्या जागेची असेल तर आहे त्याच पीएस५ मध्ये एम.२ एसएसडी (जादा स्टोरेजची छोटी पट्टी) बसवा, स्वस्तात भागतं.

डिस्कवाल्यांनो, २०२४ मध्ये आलेल्या प्रोमध्ये डिस्क ड्राइव्ह नाही. ती वेगळी घ्यावी लागते.