पार्किन्सनमुळे खाली गेलेला आवाज घरी कसा वाढवावा

आधी ईएनटीकडून स्वरतंतू तपासून घ्या. हा सराव क्षीण, एकसुरी झालेल्या आवाजासाठी आहे. बोलताना आवाज आवळून तुटत असेल तर तो डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आवळण्याचा विकार, असू शकतो. त्याला जोर लावून उपयोग नाही, तिथे स्नायू सैल करणारं बोट्युलिनमचं इंजेक्शन देतात.

पार्किन्सनच्या गोळीचा असर असतानाच सरावाला बसा. ताठ बसून, पोटातून श्वास घेऊन दमसास संपेपर्यंत मोठ्याने ‘आऽऽ’, दहा-पंधरा वेळा.

खरी अडचण पुढे. माझे सासरे, नाना, पुटपुटायचे आणि वर म्हणायचे, “मी ओरडतोय!” मला तो हट्ट वाटायचा. तसं नव्हतं. या आजारात मेंदूचं आवाजाचं मापच बिघडतं. पुटपुटणं त्यांना नेहमीचं बोलणं वाटतं आणि नेहमीचं बोलणं ओरडणं. “ऐकू येत नाही” असं मी सतत म्हणत राहिले आणि नानांनी फोन घेणंच सोडलं. तुम्ही ही चूक करू नका.

मोबाइल तोंडापासून एक फूट ठेवा, रोज तेवढ्याच अंतरावर. पेपरातली एक ओळ रुग्णाच्या नेहमीच्या पद्धतीने रेकॉर्ड करा, मग तीच ‘ओरडून’. दोन्ही ऐकवा. दुसरी ऐकून नाना म्हणाले, “हे तर साधंच बोलणं!” तिथून काम सुरू झालं.

सूचना एकच द्या: “मोठ्याने.” सावकाश, स्पष्ट, तोंड उघडा, असा भडिमार नको, आवाज चढला की जबडा आपोआप उघडतो. ज्येष्ठमध, खडीसाखर सुचवणाऱ्यांचं ऐकू नका, दुखणं घशाचं नाहीच. मात्र मानेच्या शिरा ताणल्या किंवा घसा बसला तर थांबा.

स्पीच थेरपिस्टकडे ‘एलएसव्हीटी लाउड’ या पार्किन्सनमधल्या आवाजासाठीच्या थेरपीबद्दल विचारा: आठवड्याला चार दिवस, रोज तासभर, चार आठवडे. पुढे घरी रोज. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी लगेच करून घ्या.

मग रोजची दहा वाक्यं निवडा. नानांची होती “राममारुती रोडला सोडा”, “भेंडी कशी दिली?” अशी. ती घरात पक्की झाली की भाजीबाजारात न्या, जसं मी नानांना ठाण्याच्या गावदेवी मार्केटात नेलं. भाजीवाल्याने “काय?” विचारलं तर तुम्ही उत्तर देऊ नका. त्यांना पुन्हा श्वास घेऊ द्या.