प्रीअँप घेण्याआधीची तयारी: गेन, गेन आणि मग बाकीचं

प्रीअँप म्हणजे सीडी प्लेयरसारखा सोर्स आणि स्पीकर चालवणारा पॉवर अँप यांच्या मधला, व्हॉल्यूमचा नॉब असलेला डबा; गेन म्हणजे यंत्र सिग्नल किती वाढवतं ते, डेसिबलमध्ये (डीबी) मोजलेलं. शोरूमला निघण्याआधी एका कागदावर तीन आकडे लिहा: तुमचा सोर्स किती व्होल्ट देतो, पॉवर अँपचा गेन किती डीबी आहे, आणि ज्या प्रीअँपवर जीव जडलाय त्याचा गेन किती. मागच्या खरेदीत हा तिसरा आकडा मी बघितलाच नव्हता. परीक्षणं वाचून झाली होती, आत कुठले कपॅसिटर आहेत तेही पाठ होतं, आणि घरी आल्यावर व्हॉल्यूमचा नॉब घड्याळातल्या साडेसात ते साडेआठ एवढ्याच जागेत अडकून बसला. त्याच्यापुढे नेला की शेजारी दारात. म्हणून ही यादी, आणि म्हणून तिच्यात गेन पुन्हा पुन्हा येणार. चिडू नका, वाचा.

आधी गणित. सीडी प्लेयर आणि बहुतेक डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणारी यंत्रं) आरसीए या साध्या जोडणीतून २ व्होल्ट देतात, एक्सएलआर या तीन पिनांच्या जोडणीतून साधारण ४. नेहमीच्या पॉवर अँपचा गेन २६ ते २९ डीबी असतो. २६ डीबी म्हणजे २० पट. ८ ओमच्या स्पीकरवर १०० वॅट काढायला अँपच्या तोंडाशी १.४१ व्होल्ट पुरतात, म्हणजे नुसता सीडी प्लेयरच त्याला पुरून उरतो. आता मध्ये १२ डीबीचा, म्हणजे चौपट करणारा प्रीअँप बसवा. २ चे ८ व्होल्ट झाले. आणि ऐकता किती? फ्लॅटमधल्या हॉलला एक वॅट भरपूर होतो; ८८ डीबी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर तेवढ्यात एक मीटरवर ८८ डीबी देतो. त्या एका वॅटसाठी अँपला लागतात जेमतेम ०.१४ व्होल्ट. म्हणजे प्रीअँपने आधी चौपट वाढवायचं आणि नॉबने ३५ डीबी कापून टाकायचं. रात्री हळू लावलं तर आणखी दहा-पंधरा डीबी. एक्सएलआरने जोडलंत तर वर आणखी सहा. लाखो रुपये देऊन वाढवलेला सिग्नल लगेच लाखो रुपयांच्या नॉबने मारायचा, असा हा प्रकार.

नुसती गैरसोय असती तर सोडून दिलं असतं. पण साध्या पोटेन्शिओमीटरचे, म्हणजे नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरचे, डावे-उजवे ट्रॅक सगळ्यात जास्त फसतात ते याच खालच्या टोकाला. गायिका मधोमध बसलेली असते ती हळूच डावीकडे सरकते, तानपुऱ्याची जोडी एकाच बाजूला गोळा होते, आणि आपण मात्र स्पीकर हलवत बसतो, पडदे बदलतो. दुसरं म्हणजे हिस, मागे सतत येणारी बारीक सळसळ. नॉबनंतरच्या स्टेजचा आवाज नॉब कमी करून कमी होत नाही. तो जसाच्या तसा पॉवर अँपमध्ये जातो आणि २० पट होऊन बाहेर येतो. हॉर्नचे (भोंग्याचे) किंवा ९५ डीबीच्या वरच्या सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर असतील तर तो खुर्चीत बसून ऐकू येतो. म्हणून गेन बघा. विक्रेत्याला विचारा, मॅन्युअल मागवा, त्यात नसेल तर कंपनीला मेल टाका. ‘गेन नॉर्मल आहे’ हे उत्तर नाही. आकडा हवा.

उलट बाजूही आहे. अँप डिझायनर नेल्सन पास यांच्या फर्स्ट वॅट कंपनीच्या एफ४ या पॉवर अँपमध्ये व्होल्टेज गेन मुळीच नाही, तिथे सगळी वाढ प्रीअँपलाच करायची असते. अशा अँपसमोर कमी गेनचा प्रीअँप ठेवलात तर नॉब शेवटापर्यंत फिरवूनही हाती काही लागत नाही. बेंचमार्क कंपनीच्या एएचबी२ या पॉवर अँपला मागे गेनचा स्विच आहे, ९.२, १७ आणि २३ डीबी. तुमच्या अँपला असा स्विच असेल तर निम्मं काम झालं. प्रीअँपलाच गेन कमी-जास्त करायची सोय असेल तर फारच उत्तम. आणि डॅक एकच, टर्नटेबल नाही, डॅकमध्ये बरा व्हॉल्यूम आहे, अशी स्थिती असेल तर प्रीअँप हवाच कशाला, हाही प्रश्न पैसे द्यायच्या आधी विचारा, नंतर नको.

व्हॉल्यूम कंट्रोल कुठल्या जातीचा आहे ते बघा, कारण हाय-एंड प्रीअँपची निम्मी किंमत तिथेच असते किंवा असायला हवी. रिले आणि रेझिस्टरची शिडी असेल तर दोन्ही चॅनेल खालपर्यंत जुळून राहतात, फक्त फिरवताना टकटक आवाज येतो. तो काहींना खपत नाही. पायरी किती डीबीची आहे ते विचारा. अर्ध्या डीबीची असेल तर सुख. दोन डीबीची असेल तर एका पायरीवर कमी वाटतं, पुढच्यावर जास्त. अॅक्युफेज कंपनीची आवा (एएव्हीए) ही व्हॉल्यूमची पद्धत वेगळ्या वाटेने जाते: सिग्नल कापण्याऐवजी अँपचा गेनच बदलते, त्यामुळे खालच्या टोकाचा त्रास मुळातच टळतो. किंमत बघून मग ठरवा.

इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विद्युत अडथळा. हे पण विसरू नका, पण गेनइतकं कठीण नाही. पॉवर अँपचा इनपुट इम्पिडन्स प्रीअँपच्या आउटपुट इम्पिडन्सच्या किमान दसपट हवा, प्रीअँप ट्यूबचा (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) असेल तर त्याहून बराच जास्त. इथे एक चकवा आहे. कागदावरचा आकडा बहुधा १ किलोहर्ट्झचा असतो. ट्यूब प्रीअँपच्या आउटपुटला कपॅसिटर असतो, आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २० हर्ट्झला एकटाच जवळजवळ ८ किलोओम दाखवतो. समोर १०० किलोओमचा ट्यूब अँप असेल तर बिनघोर राहा. १० किलोओमचा ट्रान्झिस्टर अँप असेल तर १६ हर्ट्झला ३ डीबी पडतात, कपॅसिटर ०.४७ चा असेल तर ३४ हर्ट्झलाच. मग सबवूफर जोडून त्यालाच शिव्या घालायच्या. पॅसिव्ह, म्हणजे स्वतः काही न वाढवणारा, प्रीअँप घेणार असाल तर केबल आखूड ठेवा, नाहीतर वरचं टोक बोथट होतं.

ट्यूब की ट्रान्झिस्टर या वादात मी पडत नाही. एवढंच, की ट्यूब घेतलीत तर कुठली आहे ते बघून ठेवा. १२एएक्स७ किंवा ६एसएन७ सहज मिळतात, एखादी विचित्र रशियन ट्यूब मिळेलच असं नाही. काही ट्यूब प्रीअँप, उदाहरणार्थ कॉनरॅड-जॉन्सनचे, पोलॅरिटी (सिग्नलचं अधिक-उणं) उलटी करतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. दोन्ही स्पीकरच्या तारा उलट लावल्या की झालं. दोन्हीच्या, एकाच्या नव्हे.

फोनो, म्हणजे टर्नटेबलसाठीचं सर्किट, लागणार असेल तर आत आहे की नाही ते नीट विचारा; आजच्या बऱ्याच महागड्या लाइन प्रीअँपमध्ये तो नसतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला (सुई असलेल्या भागाला) ४० डीबीच्या आसपास आणि ४७ किलोओम, मूव्हिंग कॉइलला ६० डीबीच्या आसपास. आणि हो, हा गेनही एकूण हिशोबात धरायचा. कागदावर चौथी ओळ.

वीज. अमेरिकेतल्या मावसभावाकडून आणवणार असाल तर यंत्र १२० व्होल्टचं असेल, जपानमधलं जुनं असेल तर १०० चं. बाजारात सहज मिळतो तो ११० चा स्टेपडाउन. आपली लाइन २४० ला गेली की तो ११५ देतो, आणि जपानी ट्रान्सफॉर्मर तापत बसतो. १०० चा बनवून घ्या. आतून व्होल्टेज बदलता येतं का, ते मागच्या पट्टीवरून कळत नाही. सीरियल नंबर देऊन कंपनीला विचारा. जुन्या इमारतीत प्लगला तिसरं भोक असतं पण त्याच्या मागे अर्थिंग असतंच असं नाही, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. हम (स्पीकरमधला घूंऽऽ आवाज) येतो म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे सल्लागार भेटतील. त्यांचं ऐकू नका, जिवाशी खेळ आहे. सेटटॉप बॉक्सची केबल काढून बघा, बऱ्याचदा हम तिथूनच येतो.

डेमो घरीच हवा. शोरूममधला पॉवर अँप तुमचा नाही, त्याचा गेन तुमचा नाही, स्पीकर तुमचे नाहीत. तिथे नॉब मस्त बारावर असतो, घरी तो साडेसातला येतो. दोन प्रीअँपची तुलना करताना आवाजाची पातळी जुळवा: १०० हर्ट्झच्या आसपासचा टेस्ट टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरा, दोन्हीचे व्होल्ट एक टक्क्याच्या आत आणा. पायऱ्यांमुळे जमत नसेल तर जेवढं जवळ येईल तेवढं. अर्धा डीबी मोठा वाजणारा नेहमी ‘जास्त खुला’ वाटतो, आणि विक्रेत्याला हे माहीत असतं. रात्री ऐकता त्या पातळीलाही ऐका. मधोमध गाणारा आवाज मधोमध राहतो का? पॉझ करून ट्विटरला (स्पीकरमधल्या वरच्या सुरांच्या छोट्या ड्रायव्हरला) कान लावा, हिस किती?

बाकी भराभर. रॅकची खोली मोजताना मागच्या केबलसाठी बोटभर जास्त नाही, वीतभर जास्त धरा. रिमोट आहे का. टीव्हीसाठी होम थिएटर बायपास (प्रीअँपचा व्हॉल्यूम वगळून सिग्नल सरळ पुढे नेणारी सोय) हवा का. सबवूफरसाठी दुसरा प्रीआउट (प्रीअँपचं आउटपुट). पावसाळ्यात आरसीएची टोकं काळी पडतात, काढून पुसा. सुरू करताना प्रीअँप आधी, पॉवर अँप शेवटी. बंद करताना उलट. सर्व्हिस कुठे होते, मुंबईत की परदेशात पाठवायचं, ते बिलावर लिहून घ्या. खोका आणि फोम माळ्यावर टाका.