बाळाचा गुडघा उलटा वाकलेला असेल तर काय करायचं

माझ्या भाचीची मुलगी पायाळू, आणि जन्मली तेव्हा उजवा गुडघा चक्क उलट्या बाजूला वाकलेला, पाऊल पोटावर टेकलेलं, बघून घरात सगळ्यांचा जीव वरखाली झाला. हे फार क्वचित होतं, साधारण 1 लाखात एखाद्या बाळाला, आणि पायाळू बाळांत जास्त दिसतं.

सगळ्यात आधी, मालिशवाल्या बाईला त्या पायाला हात लावू देऊ नका!! "दाबून सरळ करते" म्हणतात पण जोर लावून वाकवलं तर कोवळं हाड मोडू शकतं किंवा हाडाच्या वाढीच्या भागाला इजा होते. बाकी अंगाची मालिश करा की, तो पाय सोडून.

डिस्चार्जची वाट न बघता लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, पहिल्या काही दिवसांत सांधे मऊ असतात म्हणून तेव्हाच सुरुवात केलेली बरी. खर्चाचं टेन्शन असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. डॉक्टर गुडघा हळूच वाकवून किती अंश जातो ते बघतात, एक्सरे किंवा सोनोग्राफी करतात. खुब्याची सोनोग्राफी सांगितली नाही तर स्वतःहून विचारा, कारण गुडघ्यासोबत खुबा निखळलेला असणं बरंच कॉमन आहे, पाऊलही वाकडं असू शकतं.

मग मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर, दर आठवड्याला काढून थोडं जास्त वाकवून परत नवीन, असं 90 अंशांपर्यंत न्यायचं आणि नंतर पट्टा किंवा स्प्लिंट. गुडघा 30 अंशही वाकत नसेल, प्लास्टरनेही फरक पडत नसेल तर मांडीच्या पुढचा आखडलेला स्नायू सैल करायचं ऑपरेशन लागतं. खुबाही निखळलेला असेल तर आधी गुडघा, कारण खुब्याच्या पट्ट्यात पाय गुडघ्यात वाकवूनच ठेवावा लागतो.

घरी प्रत्येक नॅपी बदलताना बोटं बघायची, अंगठ्याचं नख दाबून सोडलं की पांढरं होऊन लगेच गुलाबी झालं पाहिजे. बोटं निळी, गार, सुजलेली दिसली, प्लास्टर खाली सरकून बोटं आत गेली किंवा बाळ थांबतच नाही रडायचं तर रात्री 2 वाजता सुद्धा हॉस्पिटल गाठा. नॅपीची कड प्लास्टरच्या आत खोचू नका, ओलं होऊन कातडी सोलवटते, आम्ही एकदा भोगलंय.

आणि प्लास्टर बदलायला जाताना बाळाला जरा भुकेलंच न्या, तिथे दूध पाजत बसलं की ते पाय सैल सोडतं आणि डॉक्टरांचं काम सोपं होतं.