बाळंतपणानंतरची डोकेदुखी आणि मेंदूच्या शिरांतील गुठळी : निदान कसे करून घ्यावे, पुढे काय अपेक्षावे

बाळंतिणीचे डोके दुखू लागले की जागरण, अशक्तपणा किंवा वारा लागणे ही कारणे घरात लगेच पुढे केली जातात. पुष्कळदा ती खरीही असतात; परंतु दुखणे दिवसागणिक वाढत असेल, आडवे झाल्यावर किंवा खोकल्यावर अधिक जाणवत असेल, उलट्या होत असतील किंवा दृष्टी अंधूक झाली असेल, तर मेंदूतील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांत गुठळी झाली आहे का, हे तपासून घ्यावे. आकडी आली, हातापायातील शक्ती गेली किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. सिझेरियनच्या वेळी पाठीत भूल दिलेली असल्यास उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवे पडल्यावर उतरणारी डोकेदुखी त्या भुलेमुळे असू शकते. मात्र ती आडवे पडूनही थांबेनाशी झाली, तर हे स्पष्टीकरण पुरेसे मानू नये.

बाळंतपणानंतर सुमारे सहा आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि रक्तक्षय, जंतुसंसर्ग किंवा शरीरातील पाण्याची कमतरता तिच्यात भर घालते. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, ही काही घरांत अजून पाळली जाणारी समजूत म्हणूनच घातक आहे. मोरीचे तोंड तुंबले की पाणी मागे साचते, तसे शीर बंद झाल्यावर रक्त मागे साचून मेंदूला सूज येते आणि कधी रक्तस्रावही होतो.

डॉक्टरांना प्रसूतीची तारीख, डोकेदुखी केव्हा सुरू झाली व कशी वाढली, पूर्वी पायात गुठळी किंवा वारंवार गर्भपात झाले होते का, रक्ताच्या नात्यात कोणाला असा त्रास होता का आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे न विचारताही सांगावे. रक्तदाब तपासला जाईलच, कारण प्रसूतीनंतरच्या वाढलेल्या रक्तदाबामुळेही डोकेदुखी आणि आकडी येऊ शकते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही करून घ्यावी. तेथील सूज डोक्यातील वाढलेला दाब दाखवते आणि दुर्लक्ष झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

खरी फसगत होते ती साध्या सीटी स्कॅनपाशी. या आजारात तो अनेकदा जवळजवळ सामान्य दिसतो, आणि ‘स्कॅन नॉर्मल आहे’ हे शब्द ऐकून कुटुंब निर्धास्त होते. अशा वेळी ‘शिरांची तपासणी झाली आहे का?’ असे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. शिरांसाठी एमआरआयसोबत एमआर व्हेनोग्राम किंवा रंगद्रव्य देऊन सीटी व्हेनोग्राम (शिरांतील रक्तप्रवाह दाखवणारी चित्रे) करावा लागतो. एका बाजूची शीर जन्मतःच बारीक असू शकते, त्यामुळे व्हेनोग्राममधील रिकामी जागा म्हणजे गुठळीच असे नाही. गुठळी प्रत्यक्ष दाखवणाऱ्या एमआरआयच्या चित्रांशी तो ताडून पाहावा लागतो. डी-डायमर ही गुठळीचा माग घेणारी रक्ततपासणी बाळंतपणात एरवीही वाढलेली असते आणि ती सामान्य आली तरी गुठळी नाकारता येत नाही. म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये.

निदान झाल्यावर बहुधा हेपॅरिन सुरू होते. मेंदूत रक्तस्राव दिसत असताना रक्त पातळ करणारे औषध का, हा नातेवाइकांचा प्रश्न रास्त आहे. पण तो रक्तस्राव तुंबलेल्या शिरेमुळे झालेला असल्याने हे औषध सहसा थांबवले जात नाही. पुढे काही महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालतात. त्यांत वॉर्फरिन असल्यास आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतील आकडा) साधारण २ ते ३ च्या दरम्यान राखतात. पालेभाज्यांचा वॉर्फरिनवर परिणाम होतो, तरी बाळंतिणीच्या जेवणातील मेथी, शेपू बंद करण्याची गरज नाही, फक्त त्यांचे प्रमाण रोज सारखे ठेवावे. वॉर्फरिन घेताना स्तनपान सामान्यतः चालते, पण रक्त पातळ करणाऱ्या नव्या प्रकारच्या गोळ्यांबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये.

परिणामांचे चित्र बरेच आशादायक आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ६२४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे ७९ टक्के रुग्ण पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले, तर सुमारे ८ टक्के दगावले. बेशुद्धी, मेंदूतील रक्तस्राव, खोलवरच्या शिरांतील गुठळी, कर्करोग किंवा मेंदूचा जंतुसंसर्ग असल्यास धोका वाढतो. बरे झालेल्यांतही काहींना डोकेदुखी, आकडी, थकवा किंवा एकाग्रतेचा त्रास राहतो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या सुनेला हे सांगता येत नाही, म्हणून घरच्यांनीच ते आधी समजून घ्यावे.

पाळणा लांबवण्यासाठी माला-डीसारख्या इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळून कॉपर-टीचा विचार स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून करावा. पुढचे मूल होऊ देण्यास बहुतेकींना मनाई नसते. मात्र वॉर्फरिन चालू असताना दिवस राहू नयेत, आणि राहिल्यास पहिल्याच भेटीत हा आजार सांगावा, म्हणजे गर्भारपणात व बाळंतपणानंतर हेपॅरिनची इंजेक्शने द्यायची का, हे वेळेवर ठरवता येते.